एकवीस किलोचा राऊटर

"हा राऊटर बसवा आणि पुढची वीस वर्षं माझं नाव काढू नका!" असं मी भर बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनपर्यंत विट्यातली झाडून सगळी माणसं माझं नाव काढत होती. काहींनी वडिलांचंही काढलं.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. पुण्याची पदवी, वर एका परीक्षेचं चकचकीत प्रमाणपत्र, आणि भाग्यश्री केबलनेटमध्ये पाच महिन्यांची नोकरी. मालक हणमंतशेठ देवकर. शेठनी सेलमला वीस वर्षं गलाईचा धंदा केला होता. गलाई म्हणजे जुनं सोनं भट्टीत वितळवून शुद्ध करायचं. आमच्या भागातली निम्मी पुरुषमंडळी त्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. शेठ परत आले, त्यांनी आधी एसटीडी बूथ टाकला, मग केबल, मग इंटरनेट. पण त्यांचा विश्वास शेवटपर्यंत दोनच गोष्टींवर राहिला. आग आणि तराजू.

साडेचार हजार घरांचं इंटरनेट आमच्या ऑफिसातल्या एका डब्यातून बाहेरच्या जगात जायचं. त्या डब्याला बॉर्डर राऊटर म्हणतात. गावच्या वेशीवर बसलेला माणूस समजा. कुणी विचारलं अमक्या ठिकाणी जायचंय, की हा सांगणार, इकडनं जा. आमचा वेशीवरचा माणूस म्हातारा झाला होता. दिवसातनं दोनदा त्याचा डोळा लागायचा, आणि कोइमतूरच्या नवऱ्याशी व्हिडिओवर भांडणाऱ्या बायकांचं भांडण ऐन रंगात तुटायचं. मग त्या उरलेलं भांडण घेऊन आमचा जिना चढायच्या.

तर नवा राऊटर घ्यायचं ठरलं. शेठनी मला आणि कुंदाताईंना केबिनमध्ये बोलावलं.

कुंदा गुरव म्हणजे आमची कंट्रोल रूम. एसटीडी बूथवर काचेच्या खोपटात बसायला आलेली बाई, एकोणीस वर्षांत गावातली प्रत्येक वायर कुठल्या खांबावरून कुणाच्या आंब्यातून जाते ते डोळे मिटून सांगायची. शिक्षण बारावी. बाकी सगळं रात्रंदिवस कंपन्यांच्या माणसांना फोनवर प्रश्न विचारून विचारून शिकलेली.

"हे बघा," शेठ म्हणाले, "कंट्रोल रूमला आता एक इनचार्ज नेमायचाय. दारावर नावाची पाटी, पगार वेगळा. तुमच्या दोघातनं ज्याचं ऐकून राऊटर घेतला आणि चालला, तो इनचार्ज. ज्याच्यामुळं फसला त्यानं खाली काउंटरला बसून तक्रारी लिहून घ्यायच्या. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

कुंदाताईंनी नुसती मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र हसल्या. "सर, पाटी लागली ना, की कडेगावच्या माझ्या भावांना बोलवीन बघायला. एसटीडी बूथला लागले तवा म्हणाले होते, फोन उचलायची कसली नोकरी."

बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं. हातात शाळेच्या वहीचा एक दुघडी कागद.

"सर, तिन्ही मशीनचं बघून लिहिलंय. उद्या तुम्ही वाचून दाखवाल का?"

"तुम्हीच सांगा की."

"मी बोलायला लागले की यमगरअण्णांना चहाची तलफ येती. तुमचं ऐकतील."

"बरं. तुमचं नाव सांगतो."

"सांगा की. पण शेवटी सांगा. आधी सांगितलं तर ऐकायचेच न्हाईत."

मी कागद शर्टाच्या खिशात घातला.

बैठकीला चौदा केबल ऑपरेटर आले होते. एकेकाकडे गावाचा एकेक भाग. पुण्याहून निमकर नावाचा विक्रीवाला टाय लावून आला होता, आणि त्यानं तीन राऊटर टेबलावर निळ्या कापडावर ओळीनं मांडले होते. पोहे आले. कुंदाताईंच्या हातात किटली आली, ती कुणी दिली ते मी पाहिलं नाही.

"पोरगी बघायला आल्यागत वाटतंय," यमगरअण्णा म्हणाले. ते ऑपरेटरांचे पुढारी. "एकदम तीन. काय ओ निमकर, पहिलीचं नाव काय?"

निमकरनं आकड्यांचं एक लांबलचक नाव वाचलं.

"आणि शिक्षण?"

हशा झाला. निमकरही हसला, कारण त्याला हसायचे पैसे मिळत होते.

"गप ऱ्हावा," शेठ म्हणाले. "कणसे, सांगा. यातला कुठला घ्यायचा आणि का?"

मी उभा राहिलो. हात खिशाकडे गेला. कागद अर्धा बाहेर काढला.

"तर मंडळी, राऊटर हा रस्ते लक्षात ठेवतो..."

"रस्ते म्हंजे?" अण्णा म्हणाले. "डांबरी?"

"नाही, म्हणजे... इंटरनेटचे."

"किती रस्ते?"

"बरेच."

"मग सगळे पाठ कशाला करायचे? मला विट्याहून कराडला जायचं तर मी कराडचा एकच बघतो. दिल्लीचा कशाला पाठ करू?"

हा प्रश्न फार चांगला होता. इतका चांगला की त्याचं उत्तर मला येत नव्हतं. मी कुंदाताईंकडे पाहिलं. त्या निमकरच्या कपात चहा ओतत होत्या, आणि ओतता ओतता नुसत्या ओठांनी मला काहीतरी सांगत होत्या. चौदा माणसं माझ्याकडे बघत होती. शेठ बघत होते. मी म्हणायला हवं होतं, "थांबा, हे ताई सांगतील." चारच शब्द.

"ह्ये बोलणं ऱ्हाऊ द्या," शेठच उठले. "तराजू आणा."

खाली बॅटरीच्या भंगाराचं दुकान होतं. तिथला काटा दोघांनी वर आणला. शेठनी बाह्या सरसावल्या. वजन करताना शेठ कायम तमिळमध्ये मोजायचे, सेलमची सवय.

"ओन्नु," म्हणाले आणि पहिला राऊटर ठेवला. चार किलो.

"रेंडु." दुसरा. साडेसहा.

"मूनु." तिसरा उचलायला त्यांना अण्णांची मदत लागली. काटा थरथरला आणि एकवीसवर थांबला.

खोलीत एकदम आदर पसरला.

"एकवीस!" कुणीतरी म्हणालं.

"म्हशीगत हाय," अण्णा म्हणाले. "याला हलवून तर बघा कोण हलवतंय."

"शेठजी," निमकर खाकरला, "वजनाचा तसा कामगिरीशी काही..." इतकं बोलून त्यानं तिसऱ्या राऊटरच्या पाठीवरची चिठ्ठी पाहिली. तो त्यांच्या गोदामात चार वर्षं पडून होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. "...म्हणजे, अगदीच संबंध नाही असंही म्हणता येणार नाही."

शेठ माझ्याकडे वळले. "कणसे, तुम्ही शिकलेली माणसं. मी अडाणी. खरं सांगा, वजन बघणं चूक हाय का?"

मला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण तुम्हाला सांगतो, त्या काट्याकडे बघून मला इतकं हायसं वाटलं होतं, की सांगता सोय नाही. रस्त्यांबद्दल मला बोलता येत नव्हतं. वजनाबद्दल कुणालाही बोलता येतं.

"चूक?" मी म्हणालो. "शेठ, पुण्यात लोक लाखो रुपये भरून जे शिकतात ते तुम्ही काट्यावर केलंत. वजन म्हणजे धातू. धातू जास्त, तर उष्णता शोषायची ताकद जास्त. उष्णता कमी म्हणजे मशीन शांत. आणि शांत मशीन चुकत नाही."

"भट्टीचं बी असंच अस्तंय," शेठ हळूच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"सर," कुंदाताईंनी किटली खाली ठेवली. "त्यो तिसरा पाच लाख रस्त्यांच्या वर..."

"ताई," अण्णा कप पुढं करत म्हणाले, "साखर कमी हाय."

त्या साखर आणायला गेल्या. आणि त्या परत यायच्या आत मी टेबलावर हात आपटून ते वीस वर्षांचं वाक्य बोललो. टाळ्या पडल्या. मी खिशातला कागद बोटानं आत ढकलला.

चौथ्या दिवशी सकाळी राऊटर चढवला. जिन्यातून वर आणायला चार माणसं लागली. भिंतीवरच्या लोखंडी फळीनं त्याला पाहताच मान टाकली, तेव्हा खाली लाकडी पाट मांडून त्याला जमिनीवरच बसवला. शेठनी हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडला. पाणी मशीनच्या जाळीत जाणार एवढ्यात कुंदाताईंनी पदर आडवा धरला.

"सर," पदर पिळत त्या मला म्हणाल्या, "कागदातल्या शेवटच्या दोन ओळी बघितल्या न्हवं?"

"बघितल्या हो."

बाहेरच्या जगाकडे जायला आम्ही दोन मोठ्या कंपन्यांच्या दोन लाईनी घेतल्या होत्या. एक बंद पडली तर दुसरी. पहिल्या कंपनीच्या माणसानं फोनवर विचारलं, "सगळ्या रस्त्यांची पूर्ण यादी पाठवू, का फक्त 'जे माहीत नाही ते माझ्याकडे धाडा' एवढंच ठेवू?"

खोलीत शेठ होते, अण्णा होते, आणखी पाचसहा ऑपरेटर होते.

"पूर्ण पाठवा," मी मोठ्यानं म्हणालो. "आम्ही अर्धवट काही घेत नाही."

दुसऱ्या कंपनीलाही तेच सांगितलं. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

राऊटर सुरू झाला. भिंतीवरच्या टीव्हीवर आम्ही एक आलेख लावला होता. गावचं इंटरनेट किती वाहतंय ते दाखवणारी हिरवी रेघ. ती एरवी पडद्याच्या तळाशी सुस्त पडलेली असायची. दहा मिनिटांत ती उठली. मग चढायला लागली. मग तिनं जी उडी घेतली, ती थेट पडद्याच्या वरच्या कडेला.

"आगागागा!" अण्णा ओरडले. "काय पळतंय!"

"एकवीस किलो!" शेठ म्हणाले. "म्या म्हणलं नव्हतं?"

पेढे आले. अण्णांनी शेठना भरवला, शेठनी मला भरवला, मी निमकरला फोन करून त्याचं अभिनंदन केलं, त्यानं घाईघाईत आभार मानून फोन ठेवला. कुणीतरी टीव्हीला हार घातला. कुंदाताई एकट्या त्या हिरव्या रेघेकडे आ वासून बघत होत्या.

"सर, ह्ये आपल्या गावचं न्हाई."

"मग कुणाचं?"

"साडेचार हजार घरांनी एकदम नळ सोडला तरी एवढं पाणी येत न्हाई. आपण दुसऱ्याचे रस्ते भाईर सांगाय लागलोय. वेशीवर आपण फक्त आपल्या गावाची पाटी लावायची अस्ती. तुम्ही सगळ्याच लावल्या. आता ह्या कंपनीला वाटतंय त्या कंपनीकडं जायचा रस्ता विट्यातनंच हाय."

मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "घ्या ताई. चांगल्या दिवशी असं बोलू नये."

तेवढ्यात फोन वाजला. शेठनी ऐटीत स्पीकरवर टाकला.

"कोण बोलतंय?" पलीकडचा माणूस धापा टाकत होता. "विटा? विटा कुठं आलं?"

"सांगली जिल्हा," शेठ म्हणाले. "बोला."

"अहो, आमच्या पुण्याच्या निम्म्या ग्राहकांचं ट्रॅफिक तुमच्या गावातून का जातंय?"

शेठनी फोनच्या बोलण्याच्या बाजूवर हात ठेवला आणि सगळ्यांकडे बघून डोळे मिचकावले. "पुण्याची माणसं आता आपल्याकडनं जात्यात!" मग हात काढून म्हणाले, "या की साहेब. रस्ता समद्यांचाच अस्तोय."

मग तो माणूस जे बोलला ते मला लिहिता येणार नाही. ते चालू असतानाच पाटावरच्या राऊटरचे पंखे उसाच्या चरकासारखे ओरडायला लागले. पाच लाख रस्ते मावणाऱ्या डोक्यात मी साडेसहा लाख कोंबले होते. तो दोनदा थरथरला, हळदकुंकू उडालं, आणि सगळे दिवे मालवून तो गप झाला. हिरवी रेघ हारासकट खाली पडली. हार कुणी नीट अडकवलाच नव्हता.

दोन्ही कंपन्यांनी आमच्या लाईनी तोडल्या. काय झालं ते समजावून सांगितल्याशिवाय जोडणार नाही म्हणाल्या.

साडेतीनपर्यंत जिना माणसांनी भरला. गावात एका घरी साखरपुडा चालू होता. नवरदेव भट्टी सोडून येऊ शकत नव्हता, म्हणून पाटावर मोबाईल ठेवला होता, आणि भटजींनी स्क्रीनला टिळा लावायला बोट पुढं केलं तेव्हाच नवरदेवाचा चेहरा चौकोन चौकोन होऊन नाहीसा झाला होता. मुलीचा मामा तो मोबाईल ताटात घेऊन आमच्या जिन्यावर उभा होता. "अपशकुनाचं कोण भरून देणार? त्या कणसेला भाईर काढा!"

शेठनी दार आतून लावलं. खोलीत शेठ, अण्णा, मी आणि कुंदाताई.

"कुणाच्या सांगण्यावरनं घेतला ह्यो?" शेठनी विचारलं.

आता हे सगळ्यांना माहीत होतं. काटा कुणी मागवला, म्हैस कोण म्हणालं, टेबलावर हात कुणी आपटला. खोलीतला प्रत्येक जण आपापला वाटा आठवून जमिनीकडे बघत होता. आणि काउंटरची ती लाकडी खुर्ची मला दिसायला लागली. पुण्याचं प्रमाणपत्र घेऊन मी तिथं बसलोय, आणि हा मामा ताट घेऊन समोर.

"शेठ," मी म्हणालो, "मी नवीन माणूस. नेटवर्क ताईंनी बांधलेलं. मी बैठकीत बोललो ते ताईंनी लिहून दिलं होतं तेच. तिसराच घ्या म्हणून त्यांनी लेखी दिलं होतं."

मला वाटलं छत कोसळेल. तसलं काही झालं नाही. उलट शेठच्या छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला. अण्णांनी मान वर केली. वजन कुणी केलं हा प्रश्न त्या श्वासाबरोबर निघून गेला.

"कुंदा, दिला हुतास कागद?"

"दिला होता."

"कुठाय त्यो?"

"शर्टाबरोबर धुवायला गेला," मी म्हणालो.

त्या दिवशी मी बैठकीतलाच शर्ट घातला होता. पांढरा, पातळ टेरीकॉट, माझा मोठ्या दिवशी घालायचा एकच शर्ट. त्याच्या खिशातून वहीच्या निळ्या रेघा बाहेरून दिसत होत्या. मला ते माहीत नव्हतं. कुंदाताईंची नजर माझ्या छातीवर येऊन थांबली म्हणून मी खाली पाहिलं, आणि मला त्या रेघा दिसल्या. समासाची लाल रेघसुद्धा.

"काय लिहिलं हुतंस त्यात?" शेठनी विचारलं.

कुंदाताईंनी नजर खिशावरून काढली नाही. "सरांनी वाचलंय की. सरांनाच इचारा."

आता विचार केला की वाटतं, ती मला दिलेली वेळ होती. हात फक्त चार बोटं वर न्यायचा होता. मी हाताची घडी घातली. खिसा झाकला गेला.

"सांगितलं ना शेठ," मी म्हणालो.

बाहेर मामा दार बडवत होता.

"मग आधी लाईन चालू करून देऊ का?" कुंदाताई म्हणाल्या. "जिन्यात माणसं हाईत."

त्या खाली बसल्या. जुना, म्हातारा राऊटर कोपऱ्यातून ओढून आणला. पुसला. पंचवीस मिनिटं त्या खोलीत फक्त त्यांच्या बोटांचा आवाज होता. मग पुण्याच्या त्या चिडलेल्या माणसाला त्यांनी फोन लावला. काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. त्याचा आवाज हळूहळू खाली आला.

"मॅडम, एवढं नीट कळतंय तुम्हाला, तर हे आधी का नाही सांगितलंत?"

"लिहून दिलं होतं," त्या म्हणाल्या. एवढंच.

लाईन आली. जिन्यातून एकदम मोबाईलचे टुणटुण आवाज यायला लागले. ताटातला नवरदेव हजर झाला आणि "ऐकू येतंय का" असं ओरडत राहिला.

शेठनी शब्द दिला होता आणि शेठ शब्दाचे पक्के होते. मी इनचार्ज झालो, कुंदाताई काउंटरला. त्यांनी कंट्रोल रूममधला आपला डबा, खुर्चीवरची शिवलेली उशी आणि टॉर्च गोळा केला. जिन्यात आम्ही समोरासमोर आलो. मी बाजूला सरलो.

"सर," त्या म्हणाल्या, "शर्ट धुवायच्या आधी खिसे बघत जावा."

आणि खाली गेल्या. पंधरा दिवस त्यांनी तक्रारी लिहून घेतल्या. निम्म्या तक्रारी माझ्याविरुद्धच्या होत्या. सोळाव्या दिवशी त्या आल्या नाहीत.

मी आतापर्यंत तुम्हाला असं भासवलं, की तो कागद मी धड वाचलाच नव्हता. तसं नाही. कागद मिळाला त्याच संध्याकाळी मी स्टँडवर चहा पिताना तो तीनदा वाचला होता. मोठं, गोल अक्षर. त्यात लिहिलं होतं, दोन नंबरचा घ्यावा. तीन नंबरचा घेऊ नये, त्यात पाच लाखच रस्ते मावतात आणि आज साडेसहा लाख आहेत. अण्णा विचारतील की सगळे रस्ते कशाला पाठ करायचे, तर त्याचंही उत्तर लिहिलं होतं. आपल्याला दोन लाईनी आहेत, कुठल्या गावाला कुठली जवळची ते कळावं म्हणून. तेवढी एकच ओळ मला समजली नव्हती. जिना चढून विचारायची होती. बारावी शिकलेल्या बाईला पुण्याच्या माणसानं कसं विचारायचं, म्हणून नाही विचारली.

शेवटच्या दोन ओळी रस्ते बाहेर न सांगण्याबद्दल होत्या, त्या अण्णांच्या थापेच्या नादात मी विसरलो. आणि त्याखाली दोन नावं होती. अभिजित कणसे, कुंदा गुरव. माझं आधी लिहिलं होतं.

सहा वर्षांनी मी मायणीला गेलो. कुंदाताईंनी तिथं स्वतःचं नेटवर्क टाकलंय, दोन हजार घरं, लोक चांगलं म्हणतात. मी वाटेत एसटीत सगळं पाठ केलं होतं. त्यांच्या ऑफिसात त्या दिवशी बॅटरी बदलायचं काम चाललं होतं. वायरी जमिनीवर पसरल्या होत्या. ताई पाठमोऱ्या, संगणकासमोर. मला वाटलं, पाठमोऱ्या आहेत तेच बरं. आणि दारातूनच मी सगळं एका दमात बोललो. कागद खिशात होता, मी वाचला होता, मी खोटं बोललो, तुमची पाटी मी खाल्ली, मला माफ करा.

त्यांनी खुर्ची फिरवली, कानावरचे हेडफोन काढले.

"अगोबाई, कणसे सर! कवा आला? गिऱ्हाईक बोलत होतं ओ, काय ऐकू आलं न्हाई. काय म्हणाला?"

मी तोंड उघडलं.

"काही नाही," मी म्हणालो. "इकडनं चाललो होतो. बरं चाललंय ना?"

"झ्याक चाललंय. बसा की, चहा सांगते."

"नको नको, गाडी आहे," म्हणून मी वळलो. माझा पाय एका वायरीत अडकला. प्लग निघाला. मायणीचं इंटरनेट अकरा मिनिटं बंद होतं.